मशीनला खोबरेल चालत नाही

घरातलं शिवणाचं मशीन वापरून वापरून झिजलं, असं क्वचितच घडतं. शिंप्याच्या दुकानात तेच काळं मशीन दिवसाचे आठ-दहा तास चालतं आणि पंचवीस-तीस वर्षं टिकतं. घरात मात्र ते महिनोन्‌महिने पांघरुणाखाली असतं. त्यावर रद्दी साठते, इस्त्रीचे कपडे येऊन बसतात, टीव्हीचा रिमोटही तिथेच विसावतो. मग कधीतरी मखराचे पडदे शिवायचे असतात, नाहीतर लेकीचा स्नेहसंमेलनाचा झगा आखूड करायचा असतो. पांघरूण निघतं आणि चाक हलत नाही. शेजारून सल्ला येतो, “अगं, थोडं खोबरेल सोड त्यात.” मशीनचं खरं दुखणं इथून सुरू होतं.

खोबरेलाची पंचाईत अशी, की पहिल्या दिवशी ते उत्तम काम करतं. चाक लगेच हलकं होतं आणि सल्ला देणारी शहाणी ठरते. पण खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकला खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आपण दर वर्षी पाहतो. तेच तेल मशीनच्या दांड्यांभोवती थिजलं तर काय होईल, हे मात्र डोक्यात येत नाही. शेंगदाणा, तीळ, करडई या तेलांचं प्रकरण याहून वाईट. त्यांच्यातली असंतृप्त मेदाम्लं हवेतला प्राणवायू घेतात, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेल आधी चिकट होतं, मग त्याचा कडक पापुद्रा बनतो. जवसाच्या तेलात हा गुण फार, म्हणून तैलरंग आणि खिडकीची काच बसवायची लांबी (पुट्टी) त्यात कालवतात. करडईचं तेल चित्रकार पांढऱ्या रंगासाठी वापरतात, कारण तेही वाळतं, शिवाय जवसाइतकं पिवळं पडत नाही. सोलापूर-लातूरकडच्या स्वयंपाकघरात उत्तम असलेलं हे तेल मशीनच्या पोटात गेलं, की वर्षभरात त्याचं व्हार्निश होतं. मग नवं तेल कितीही सोडा, ते त्या पापुद्र्यावरून ओघळून जातं.

मशीनचं तेल म्हणून बाजारात मिळतं ते खनिज तेल असतं. ते खूप शुद्ध केलेलं, पातळ आणि जवळजवळ बिनरंगी असतं. प्राणवायूला धरून घेणारे दुवे त्यात नावालाच असतात, म्हणून ते वर्षानुवर्षं पातळ राहतं. पातळपणाही तितकाच महत्त्वाचा आहे. दांडी आणि तिच्या भोवतीचा बुश यांच्यातली फट इतकी बारीक असते, की स्कूटरचं इंजिन ऑइल तिथे नीट शिरत नाही, आणि शिरलंच तर मशीन जड करतं. बाटली घेताना ती उजेडाकडे धरून पाहावी. तेल पिवळट किंवा गढूळ दिसलं तर तिला हात लावू नये.

अलीकडे खोबरेलाच्या जागी फवाऱ्याचा डबा आला आहे. दाराची बिजागरी, सायकलची साखळी आणि शिवणयंत्र, सगळ्यांवर एकच फवारा. या जातीतला सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० अमेरिकेत १९५३ साली तयार झाला, तो धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. अडकलेला स्क्रू सोडवायला तो छान आहे. पण त्यातला मोठा भाग उडून जाणारा द्राव असतो. जुनं तेल तो धुऊन नेतो आणि मागे जो पातळ थर राहतो, तो मिनिटाला शेकडो वेळा घासणाऱ्या दांडीला पुरत नाही. फवारलं असेल तर नंतर मशीनचं तेल घालायलाच हवं.

मशीन आधीच जाम झालं असेल, तर जोर लावू नये. जुने कारागीर रॉकेल वापरतात आणि त्यामागचं कारण पक्कं आहे. रॉकेल त्या वाळलेल्या तेलाला मऊ करून सोडवतं. तेलाच्या प्रत्येक भोकात दोन-चार थेंब सोडायचे, चाक हलेल तितकंच मागे-पुढे डोलवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फार वर्षांचं जाम असेल तर आठवडाही लागतो. चाक मोकळं झालं, की तपकिरी घाण फडक्याने टिपून घ्यायची आणि लगेच सगळीकडे मशीनचं तेल द्यायचं, कारण रॉकेल स्वतः वंगण म्हणून कुचकामी आहे. हे काम खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब करावं. आता रेशनवर रॉकेल मिळणं दुर्मीळ झालं आहे, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडूनच वाटीभर मागून आणलेलं बरं.

तेल देण्याची रीत साधी आहे. एका भोकाला एक थेंब, फार तर दोन. भोकं मशीनच्या पाठीवर असतात, डोक्याच्या पत्र्याआड असतात, आणि मशीन मागे कलंडवलं की खालच्या बाजूलाही दिसतात. घरोघरी वरची भोकं भरली जातात आणि खालची राहून जातात. तिथेच कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांना हलवणाऱ्या दांड्या असतात. पायमशीन असेल तर पायडलचे दोन्ही टोकांचे सांधे, मोठ्या चाकाचा आस आणि पायडलपासून चाकाकडे जाणारी उभी दांडी यांनाही थेंब हवा. मशीन कुरकुरतं म्हणून वर तेल ओतत बसतात, आणि कुरकुर बऱ्याचदा खालच्या सांध्याची असते. तेल दिलं, की सुईतला दोरा काढून, दाबाचा पाय वर उचलून मिनिटभर मशीन नुसतं चालवावं. मग जुन्या मांजरपाटावर चार-सहा ओळी टीप मारावी, म्हणजे जास्तीचं तेल तिथेच निघून जातं. तरी नव्या कपड्यावर डाग पडलाच तर वर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड दाबून तासभर ठेवावी, पूड तेल ओढून घेते. नंतर साबणाने धुवावं.

मशीन वापरात नसलं तरी महिन्यातून एकदा दोन मिनिटं चाक फिरवावं. तेल खाली उतरून साचतं आणि वरचा धातू कोरडा पडतो, तो पुन्हा ओला होतो. जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती आणि संस्था कितीतरी वर्षं महिलांना शिवणयंत्रं वाटत आल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. पण मशीन वाटपाच्या फोटोत शेजारी तेलाची बाटली आणि जास्तीच्या सुया कधी दिसत नाहीत. मला विचारलं तर मशीनबरोबर या दोन वस्तू आणि अर्ध्या दिवसाचा साफसफाईचा धडा सक्तीचा असावा.

तेलानंतर दुसरा शत्रू कपड्यातूनच येतो. सुती कापड आणि दोरा दोन्ही बारीक तंतू सोडतात. ते दात्यांच्या फटीत आणि बॉबिनभोवतीच्या शटलमध्ये पडतात, तेलात भिजतात, दाते त्यांना दाबत राहतात आणि काही महिन्यांत तिथे खराखुरा फेल्ट तयार होतो. सुईखालची पत्र्याची पाटी दोन स्क्रूंवर असते. डिसमिसने ती उघडली, की ही करामत दिसते. पहिल्यांदा उघडणाऱ्यांना धक्का बसतो. दाते पुरते वर येत नसल्यामुळे कापड सरकत नसतं, आणि आपण मात्र कापड मागून ओढून मशीनला मदत करत असतो.

ही धूळ इतकी महत्त्वाची का, ते समजायला टाका कसा पडतो हे पाहावं लागेल. सुई दोरा घेऊन खाली जाते आणि अगदी तळाला पोचून परत वर निघते. वर येताना सुईच्या एका बाजूचा दोरा तिच्या लांब खाचेत दडलेला असतो. दुसऱ्या बाजूचा दोरा कापडाच्या घर्षणामुळे मागे राहतो आणि त्याचा लहानसा फुगा बाहेर येतो. सुई दोन-सव्वादोन मिलिमीटर वर आलेली असते, नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक सुईला जवळजवळ घासून त्या फुग्यात शिरतं. फुगा मोठा होऊन बॉबिनला वळसा घालतो, वरची दोरा ओढणारी दांडी तो आवळून घेते आणि वरचा-खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. आपल्याकडच्या काळ्या मशीनचं शटल पूर्ण फिरत नाही, अर्धा फेरा घेऊन परत येतं. शटल आणि सुई यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं. त्या वाटेत धुळीचा गोळा बसला, की शटल किंचित उशिरा पोचतं किंवा किंचित बाहेर ढकललं जातं, आणि टाका सुटतो. यात मशीनचा काही दोष नसतो.

म्हणून दर मोठ्या शिवणीनंतर बॉबिनची केस काढावी. शटल अडकवून ठेवणारे खटके (काही मशीनना स्क्रू असतात) उघडून शटल बाहेर घ्यावं. जुन्या टूथब्रशने किंवा रंगाच्या कोरड्या ब्रशने आतली खोबण साफ करावी, कोरड्या फडक्याने पुसावी आणि खोबणीच्या कडेला तेलाचा एकच थेंब द्यावा. तोंडाने फुंकू नये, त्यातला ओलावा लोखंडावर बसतो आणि धूळ आणखी आत जाते. दाबलेल्या हवेचा डबाही त्याच कारणासाठी मला आवडत नाही. शटल कोणत्या बाजूने बसलं होतं हे विसरायला होतं, तेव्हा काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घेऊन ठेवावा.

आता सुई. घरगुती शिवणातली ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. मोडल्याशिवाय सुई बदलायची नसते, असा आपल्याकडे जणू नियमच आहे. उत्पादक साधारण आठ-दहा तासांच्या शिवणीनंतर सुई बदलायला सांगतात. घरच्या वापरात तीन-चार ब्लाउज किंवा एक मोठी गोधडी शिवली, की एवढे तास केव्हाच पूर्ण होतात. टोक बोथट झालं, की सुई तंतूंच्या मधून न जाता त्यांना ठोकून तोडते. पातळ कापडावर ओढलेल्या धाग्यांच्या आडव्या रेघा दिसतात त्या याच्याच. प्रत्येक टाक्याला ठप्प-ठप्प आवाज येऊ लागला तर तीही सुईचीच हाक. जरीच्या काठावर शिवलं असेल तर सुई आणखी लवकर जाते, कारण तिथे ती धातू टोचत असते. टोक पाहायचं असेल तर ते जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून हलकेच ओढावं, अडकलं तर सुई गेली. वाकडेपणा पाहायला सुईची चपटी बाजू काचेवर टेकवावी आणि सुई व काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी आहे का ते बघावं.

पाकिटावर १४/९० असे दोन आकडे असतात. ९० हा सुईचा जाडपणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे सुई ०.९ मिलिमीटर जाड. १४ हा तोच जाडपणा जुन्या पद्धतीने. टू बाय टू रुबिया, पोपलीन, साधं सुती कापड यांना १४ नंबर चालतो. रेशीम, शिफॉन, जॉर्जेटला ९ किंवा ११ घ्यावी. जीन्सची घडी, पिशवीचं जाड कापड, गोधडीचे थर यांना १६ किंवा १८. शिफॉनवर १६ नंबरची सुई लावून “मशीन कापड खातंय” म्हणणाऱ्यांना मशीन काय उत्तर देणार? होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडासाठी गोलसर टोकाची सुई वेगळी मिळते, ती तंतू बाजूला सारून जाते.

सुई बसवतानाही गडबड होते. घरगुती सुईच्या बुडाला एक बाजू चपटी असते आणि लांब खाच त्याच्या विरुद्ध बाजूला. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा, म्हणजे चपट्या बाजूने बाहेर निघतो. सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळायचा. अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी शटलची वेळ चुकते आणि एकही टाका पडत नाही. शिंप्यांच्या मोठ्या मशीनच्या काही सुया गोल बुडाच्या असतात, त्या घरच्या मशीनला बसवायचा प्रयत्न करू नये. आणि शिवताना कापड ओढायची सवय असेल तर ती सोडावी. ओढीने सुई वाकते, पाटीवर आपटते, पाटीच्या भोकाला बारीक खरवड येते, आणि पुढे नवी सुई लावली तरी दोरा तुटत राहतो. अशी खरवड बोटाला नाही, नखाला कळते.

टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, पेच मात्र शक्यतो हलवू नये, असं माझं ठाम मत आहे. खालून दोऱ्याचं जाळं झालं, की नवशिकी माणसं बॉबिन केसचा स्क्रू फिरवतात. खालचं जाळं बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचं असतं. वरचा दोरा दोन चकत्यांच्या मधून जातो, आणि दाबाचा पाय खाली असताना त्या चकत्या मिटलेल्या असतात. पाय खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांत शिरतच नाही, नुसता वरून जातो. म्हणून ओवताना पाय वर, शिवताना खाली. तरीही जाळं होत असेल तर चकत्यांमध्ये धूळ किंवा दोऱ्याचा तुकडा अडकला असेल. एक सुती कापडाची पट्टी पाय वर करून चकत्यांमधून दोन-चारदा ओढावी. एवढं करूनही भागलं नाही तर वरचा पेच किंचित आवळावा. बॉबिन केसला हात शेवटी लावावा, तोही पाव फेऱ्याहून कमी. केस योग्य आहे का, हे पाहायची जुनी परीक्षा आहे. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याने लोंबकळत धरायची. केस आपोआप खाली घसरली तर ती सैल आहे, हाताला हलका झटका दिल्यावर दोन-तीन इंच उतरून थांबली तर बरोबर.

दोऱ्याचंही वय होतं. आजीच्या डब्यातली सुती रिळं सुंदर दिसतात, पण उन्हात आणि दमट हवेत सुती धागा कमजोर होत जातो. वीतभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्यावा. सहज तुटला तर तो कच्चा टाका घालायला ठेवावा, मशीनवर नाही.

जुन्या काळ्या मशीनच्या रंगाबद्दल एक इशारा. विशेषतः जुन्या सिंगरवर सोनेरी नक्षीची चित्रं चिकटवून त्यावर लाखेचा पारदर्शक थर दिलेला असे, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. करोनाच्या काळात दिसेल त्यावर सॅनिटायझर फवारण्याची सवय लागली, त्यात काही घरची नक्षी पांढुरकी होऊन गेली असणार. सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं पाणी, यांतलं काहीही त्या अंगाला लावू नये. मऊ सुती फडक्यावर मशीनच्याच तेलाचे दोन थेंब घेऊन पुसलं, की अंग स्वच्छ होतं आणि चकाकी टिकते.

कोकणात आणि गोव्यात या सगळ्यावर पावसाळ्याची भर. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसू लागतो आणि गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-सिंधुदुर्गात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या खूप वर असते. समुद्राजवळ हवेत मीठही असतं, आणि मीठ स्वतः ओलावा धरून ठेवतं. अशा हवेत लोक मशीनवर प्लास्टिकचं आवरण घालून कडेने बांधतात, आणि आतला ओलावा आतच कोंडतो. जाड सुती कापडाचं सैल पांघरूण किंवा मूळचं लाकडी झाकण कधीही चांगलं. मशीन बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, वीतभर पुढे ओढून ठेवावं. पावसाआधी, मे महिन्याच्या अखेरीस, सुई काढून घ्यावी, बॉबिनमधला दोरा काढावा, आणि जिथे रंग नाही अशा सगळ्या चकचकीत भागांवर (सुईची पाटी, सरकती झाकणं, सुई धरणारी दांडी, दाबाचा पाय) तेलाचं बोट फिरवावं. चार महिने अजिबात शिवायचं नसेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणखी टिकाऊ. झाकणाच्या आत सिलिका जेलची पुडी ठेवता येते. औषधांच्या डब्यातून आलेली चिमूटभर पुडी पुरत नाही, वाटीभर खडे लागतात, आणि ते ओलावा पिऊन भरले की तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात. निळ्याचे गुलाबी होणाऱ्या खड्यांमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत आणि लहान मुलांपासून दूर ठेवावेत.

पायमशीनचा चामडी पट्टा दमट हवेत सैल पडतो आणि चाकावर घसरू लागतो. तो कापून जोडायची घाई करू नये, कारण ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की तो पुन्हा आखडतो. फारच घसरत असेल तर जोडपिनेपाशी अगदी थोडा, पाव इंच तुकडा कापून पिन पुन्हा टोचावी. पट्ट्याला तेल अजिबात लागू देऊ नये. मशीन बंद ठेवताना पट्टा चाकावरून उतरवून ठेवला तर तो ताणला जात नाही. बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा. उंदरांना या पट्ट्याचं काय आवडतं कोण जाणे, पण उतरवलेला पट्टा खणात बंद केलेला बरा.

टाचण्या आणि हातसुया कुठे टोचून ठेवतो, यावर त्यांचं आयुष्य ठरतं. स्पंजच्या किंवा कापसाच्या उशीत पावसाळ्यात ओलावा धरतो आणि सुईवर तपकिरी ठिपके येतात. ती सुई मग पांढऱ्या कापडात डाग सोडते. लोकरीची उशी चांगली, कारण मेंढीच्या लोकरीला लॅनोलिन नावाची स्वतःची चरबी असते आणि ती पाण्याला लांब ठेवते. फाटक्या घोंगडीचे तुकडे खोळीत भरले तर उत्तम उशी होते. गंजाची सुरुवात झालेली सुई बारीक पॉलिश पेपरमधून चार वेळा ओढली की साफ होते, पण मशीनच्या सुईला हा उपाय करत बसू नये, ती फेकावी.

कात्रीबद्दल घरात भांडणं होतात आणि ती रास्त आहेत. शिवणाच्या कात्रीने कागद का कापू नये? कागदाला गुळगुळीत आणि पांढरा करण्यासाठी त्यात खडू किंवा चिनी मातीची बारीक पूड भरलेली असते. ती पूड धारेला घासते. वहीच्या दोन पानांनी काही होत नाही, पण शाळेच्या प्रकल्पाचा एक रविवार पुरेसा आहे. दुधाची पिशवी, कोथिंबीर, वायर यांच्यासाठी घरात दुसरी कात्री असावी आणि शिवणाच्या कात्रीच्या मुठीला ओळखीची लाल चिंधी बांधून ठेवावी.

कात्रीची पाती सपाट नसतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही पात्यांना आतून किंचित बाक असतो. त्यामुळे कात्री मिटताना पाती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातो. कापड तिथेच कापलं जातं. खिळा सैल झाला, की पाती एकमेकांपासून दूर राहतात आणि पातळ कापड त्यांच्यामध्ये दुमडून अडकतं. आपण म्हणतो धार गेली, खरं तर स्क्रू आवळायचा असतो. कात्री अर्धी उघडून एक मूठ सोडली तर ती मूठ हळू खाली यायला हवी. धाडकन पडली तर खिळा सैल, जागची हललीच नाही तर जास्त घट्ट. खिळ्यापाशी महिन्यातून एकदा तेलाचा थेंब आणि कापून झाल्यावर कोरडं पुसणं, एवढंच तिला लागतं. फरशीवर पडू देऊ नये, कारण एका आपटण्यात तो बाक बिघडतो.

मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर गाड्यांच्या वगैरे भंगारातल्या पोलादापासून पाती घडवतात, आणि अशी कात्री पुन्हा पुन्हा धार लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरता येते. मात्र धार लावणारा कोण, हे पाहायला हवं. सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा धारवाला दारात आला, की विळी आणि सुऱ्यांबरोबर कात्रीही दिली जाते. चांगला धारवाला पात्याच्या फक्त बाहेरच्या तिरक्या कडेला हात लावतो. आतली बाजू घासणारा माणूस तो बाक घालवून बसतो आणि कात्री कायमची जाते. ठिणग्यांचा फवारा उडाला म्हणजे धार जोरात लागली, असा समज आहे. पोलाद साधारण ३०० अंशांना तापलं की त्याच्या कडेवर निळसर झाक येते आणि त्याचा कडकपणा उतरतो. अशी कात्री आठ दिवस झक्क चालते आणि मग पुन्हा बोथट. निळी कड दिसली तर त्या धारवाल्याला पुढच्या वेळी विळीच द्यावी. नागमोडी दातांची कात्री तर त्याला दाखवूही नये.

मोजायची टेप ही वस्तू आपण तपासतच नाही. कापडी आणि स्वस्त प्लास्टिकच्या टेपा ताणल्या जातात, शिवाय पहिल्या इंचाचं पत्र्याचं टोक निघून जातं. वर्षातून एकदा ती पोलादी पट्टीशेजारी ठेवून पाहावी आणि इस्त्रीपासून लांब ठेवावी.

मोटर बसवलेल्या मशीनची काळजी थोडी वेगळी. मोटरमध्ये तेल घालायचं नसतं, तिच्या आतल्या कार्बनच्या ब्रशना ते लागलं तर मोटर जळू शकते. मोटरचा छोटा पट्टा फार ताणून बसवू नये, बोटाने दाबल्यावर थोडा दबला पाहिजे. मशीन लोखंडी, पावसाळ्यात फरशी ओलसर आणि वायर जुनी, असं एकत्र आलं तर झटका बसायला वेळ लागत नाही. तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवंच, शिवाय शिवताना पायात चप्पल असू द्यावी. शिवण थांबली, की प्लग काढायचा. पायाच्या खटक्यावर गाठोडं पडून मोटर तासन्‌तास तापत राहण्याचे प्रकार घडतात. नव्या इलेक्ट्रॉनिक मशीनचं तर पुस्तक वाचल्याखेरीज तेलाची बाटली उघडूच नये. त्यातले काही बुश तेल शोषून घेतलेल्या धातूचे असतात आणि काही चाकं नायलॉनची, तिथे आपलं तेल नको असतं. दाते आणि शटल साफ करणं मात्र त्यांनाही तितकंच लागतं. विजा कडाडत असताना त्यांचा प्लग काढून ठेवावा, कारण आतला सर्किट बोर्ड हा त्यांचा सर्वांत महाग भाग असतो.

काळ्या मशीनचा मोठा फायदा हा, की त्याचे भाग अजून मिळतात. आपल्याकडची बहुतेक घरगुती काळी मशीनं सिंगरच्या पंधरा नंबरच्या, एकोणिसाव्या शतकातल्या रचनेवर बेतलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी हीच रचना प्रमाण मानून जगभर मशीनं विकली, त्यामुळे तिची शटल, बॉबिन आणि सुया आजही सहज सापडतात. बॉबिन घेताना मात्र जुनी बॉबिन बरोबर न्यावी. व्यास सारखा दिसतो, पण उंचीत फरक असतो, आणि अर्धा मिलिमीटर उंच बॉबिन केसमध्ये घासत राहते. वाकलेल्या किंवा कडेला चिरा गेलेल्या बॉबिना जपून ठेवू नयेत.

आणि दुरुस्तीवाल्याकडे जायचंच झालं, तर मशीनबरोबर ज्या कापडावर त्रास झाला त्याचा तुकडा, तोच दोरा आणि तीच सुई न्यावी. बिघडलेली टीप मारलेली पट्टी दाखवली तर जाणता कारागीर उलट-सुलट पाहून पाच मिनिटांत कारण सांगतो. मशीन उचलताना चाकाला धरू नये, पाठीच्या कमानीला आणि बुडाला धरावं. दुकानातून निघण्याआधी त्याच्यासमोर आपल्या कापडावर टीप मारून पाहावी. कोणता भाग बदलला, ते विचारावं आणि जुना भाग मागून घ्यावा.